दोरीपलीकडची वांगी

७ नोव्हेंबर

प्रिय ढब्बू,

अनेक आशीर्वाद. पन्नाशीच्या माणसाला ढब्बू म्हणू नये असं तुझ्या बायकोचं मत आहे, पण मोठ्या बहिणीचा हक्क शास्त्रसंमत आहे. प्रवास नीट झाला. शाळा सुरू झाली. पोरांना संस्कृत येत नाही आणि मला पोरांवाचून करमत नाही, असं आमचं छान चाललं आहे. यांचे गुडघे यांच्यासारखेच, ऐकत नाहीत.

तुझ्याकडे दिवस मजेत गेले. विहिरीतले बेडूक कुठे गेले रे, असं विचारलं तर म्हणालास, "बरंय की ताई, झोप तरी लागते." हसले मी. शेवटी एकाच आईची लेकरं.

वांगी सुंदर होती, हे सांगायचं राहिलं. चकचकीत, एकालाही भोक नाही.

आता भोकाचा विषय निघालाच आहे तर लिहिते. निघायच्या सकाळी मी घरामागे गेले होते. तुझा तो दोरी बांधलेला छोटा वाफा. पानांची चाळण झालेली, कोळ्यांची जाळी, मधमाश्या. एक सुरवंट तर पदरावर चढून बसला. दोरी ओलांडली आणि मोठ्या शेतात मुंगीसुद्धा नाही. तिथल्या वांग्याला हात घातला तोच तुझी बायको ओरडली, "अहो ताई, तिकडचं नको! ते विकायचं, कालच फवारलंय. आपलं इकडचं!"

त्या 'आपलं'नं किती बरं वाटलं म्हणून सांगू.

मग तू माझी पिशवी भरायला निघालास. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. तू दोरी ओलांडून मोठ्या शेतात गेलास.

वर्षभर येणाऱ्या पिशव्यांतल्या एकाही वांग्याला कधी भोक नव्हतं, हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. आणि मी बावळट कौतुक करत होते! लेकीला सहावा महिना आहे. "मामाच्या शेतातलं आहे गं, निर्धास्त खा," म्हणत मीच तिला वाढत होते.

आमच्या शास्त्रात आग लावणारा आणि विष घालणारा एकाच पंक्तीत बसतात. दोघेही आततायी, म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर उठलेले. पण तो शब्द परक्यांसाठी. भावासाठीचा शोधते आहे. कोश जाड आहे, सापडेल.

तुला कळत नव्हतं असं म्हणायचीही सोय तू ठेवली नाहीस. दोरी तूच बांधलीस. फक्त वाऱ्याला ती दिसत नाही, आणि दोन्हीकडे पाणी त्याच विहिरीचं जातं, जिच्यातले बेडूक गेले. तुझी झोप सांभाळ.

पिशवी दाराबाहेर ठेवली आहे. फेकावी तर कुणाची तरी गाय खाईल.

यापुढे पिशव्या नकोत. पाठवलंसच तर एकच वांगं पाठव, दोरीच्या आतलं.

किडक्या वांग्याची वाट पाहणारी,
तुझी, बहुधा अजूनही,
ताई