कुणाला कळवायचं?

४ फेब्रुवारी, मंगळवार
पुन्हा तेच वाक्य— "सर, माझ्याकडे तर चालतंय." दर तुकडीत कुणीतरी म्हणतंच. आज घाईराव म्हणाला. संगणकातल्या खोट्या फोनवर त्याचं ॲप मोरासारखं नाचतं, खऱ्या फोनवर टाकलं की मान टाकतं. त्याला म्हटलं, अरे, गिऱ्हाईक काय तुझा संगणक बगलेत मारून हिंडणार आहे? हसला. मग शोधलं— कॅमेरा वापरायची परवानगीच मागितली नव्हती पठ्ठ्याने. कोड व्हिडिओतून जसाच्या तसा उचललेला. परवानगीचा भाग आधीच्या व्हिडिओत होता, तो याने पळवत पाहिला!

मला पडद्याकडे बघावंही लागत नाही. कळफलकाच्या आवाजावरून कळतं कोण अडलंय. टकटक थांबते, मग एकच कळ पुन्हा पुन्हा— पुसतोय. रेडिओ दुरुस्त करायचो तेव्हापासूनचे हे कान. खरखर ऐकून सांगायचो कुठला सांधा सुटलाय. रेडिओ गेले, मोबाइल आले. ते उघडता उघडता त्यांच्या पोटातलं शिकलो, आता पोरांना ॲप बनवायला शिकवतो. शाळा लवकर सुटली, कान सुटले नाहीत.

पोरं गेली. मग खालच्या शिंप्याचं मशीन तेवढं चालू. तेही थांबलं. वर्गामागच्या माझ्या खोलीत आता ऐकण्यासारखं काही नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
मुंगीने आपलं ॲप दाखवलं. लहानखुरी पोरगी, न बोलता एकेक ओळ ओढत नेते, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. तीही ऐकून घेते. ॲपचं नाव 'उठलात का?' एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी. रोज सकाळी फोन विचारतो, आपण बटण दाबायचं. दाबलं की पडद्यावर येतं— 'छान! आता आई निश्चिंत.' आई, नाहीतर ज्याचं नाव दिलं असेल तो. नऊपर्यंत दाबलंच नाही तर त्या माणसाला निरोप जातो.

तिची आत्या एकटी असायची. न्हाणीघरात पडली, दुसऱ्या दिवशी कळलं. एवढंच सांगितलं आणि पुन्हा पडद्याकडे बघायला लागली.

महिनाअखेरीस एका कंपनीची मंडळी येणार, वर्गातून एकाला घेणार. मुंगीला ही नोकरी मिळायलाच हवी. वडिलांनी तिला हे एकच वर्ष दिलंय, नंतर काकांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं.

सगळ्यांनी ॲप आपापल्या फोनवर घेतलं. मीही. नाव भरलं, वय भरलं— दोन वर्षं कमी! शेवटचा रकाना: कुणाला कळवायचं?

चहाची वेळ झाली होती. नंतर भरू म्हटलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
भरला नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
सगळ्यांच्या फोनवर 'उठलात का?' सुतासारखं सरळ चालतंय. फक्त माझ्या फोनवर बटण दाबलं की ॲप धाडकन मिटतं.

मुंगी दिवसभर माझा फोन घेऊन बसली. फोन जुना म्हणून असेल, जागा भरली असेल, बॅटरी वाचवायच्या नादात फोनच ॲपला झोपवत असेल. तिन्ही शंका रास्त. तिन्ही चुकीच्या. संध्याकाळी म्हणाली, सर, उद्या परत बघते. म्हटलं, सोड गं, म्हातारा फोन आहे, मालकासारखा. ती हसली नाही. कंपनीवाल्यांच्या हातात असंच मिटलं तर, म्हणाली.

११ फेब्रुवारी, मंगळवार
पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो: लाल अक्षरं दिसली की पळू नका. त्या शिव्या नाहीत, पत्ता आहे. वाचा. पण नाही! काखेत कळसा नि गावाला वळसा. चूक समोर लिहिलेली असते आणि हे जगभर शोधत बसतात.

पोरं गेल्यावर फोन संगणकाला जोडला, बटण दाबलं, लाल अक्षरं वाचली. पहिल्याच ओळीत होतं. इथे नाव असायला हवं होतं, इथे काही नाही.

म्हणजे माझा रकाना. 'आता अमुक निश्चिंत' म्हणायला निघालेलं ॲप, अमुकच नाही म्हणून कोसळतंय. बाकी सगळ्यांनी आई, ताई, दादा लिहून टाकलं, कुणाला विचारही करावा लागला नाही. म्हणून त्यांच्याकडे चालतंय.

भरून टाकावा म्हणून फोनमधली नावं चाळत बसलो. ढीग आहे! जुने विद्यार्थी, सुटे भागवाले, गिऱ्हाइकं. गल्लीत मला न ओळखणारं कुत्रं नाही. पण यांतल्या कुणाला म्हणू— मी उठलो नाही तर बघशील? मूलबाळ नाही. थोरली बहीण आहे, तिचा फोन कपाटात, कपाटाची किल्ली सुनेकडे. आमची ही होती तोवर प्रश्नच नव्हता. मी उठलो नाही तर ही पांघरूणच ओढायची.

हे मुंगीला सांगायचं कसं? न सांगावं तर पोरगी भलतीकडेच खणत बसणार, आणि दिवस थोडे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
कोंबडं कधी झाकून राहतं? पण मी झाकायचा घाट घातला. सगळ्या वर्गालाच धडा दिला: माणूस रकाना रिकामा ठेवणारच. विसरेल, कंटाळेल, लपवेल. तुमचं ॲप तरीही उभं राहिलं पाहिजे. नाव असेल तरच नाव लिहा, नाहीतर नुसतं 'छान' म्हणा आणि गप्प बसा. मुंगी, तुझंच उदाहरण घेऊ, म्हटलं. समजा, कुणी शेवटचा रकाना कोरा सोडला.

घाईराव मागून म्हणाला, "सर, कळवायला एक पण माणूस नाही असा कोण असतो?"

वर्ग हसला. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने.

मुंगी हसली नाही. वही मिटली नि विचारलं, रकाना सक्तीचाच करू का, भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असा? मी 'नको' म्हटलं. जरा जास्तच लवकर म्हटलं. मग सारवासारव— सक्ती केली की माणूस खोटा नंबर ठोकून देतो, त्यापेक्षा कोरा बरा.

तिने मान डोलावली. संध्याकाळी नवं ॲप माझ्या फोनवर घातलं. सांगितलं, आता रिकाम्या रकान्याला ॲप घाबरत नाही. मी तिचा कोड तपासला नाही. मुंगीचा कोड तपासावा लागत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
बटण दाबलं. 'छान!' एवढंच. मिटलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
कंपनीची मंडळी येऊन गेली. बाकीच्यांची ॲप्स रंगीबेरंगी, घाईरावाचं तर वाजंत्रीसकट. चष्मेवाल्या साहेबाने मुंगीचं घेतलं आणि मुद्दाम काहीच न भरता पटापट पुढे गेला. रकाना कोरा! बटण. 'छान!' त्याने भुवया उडवल्या. घाईरावाचं मात्र तिथेच अडखळलं, वाजंत्री चालू आणि पडदा काळा.

मुंगीला घेतलं. ॲपही घेतलं, पुढच्या महिन्यात बाजारात आणणार.

वडिलांना फोन करताना जिन्यात होती. दार लोटलेलं होतं, तरी मला ऐकू आलं. आधी बराच वेळ नुसता श्वास, मग "बाबा".

३ मार्च, सोमवार
मुंगीची खुर्ची रिकामी. तिच्या टकटकीला एक लय होती. घाईरावाला तिथे बसवलं. तो दुप्पट जोरात बडवतो, तरी वर्ग शांत वाटतो.

१२ मार्च, बुधवार
ताप. अंग ठणकतंय. वर्गाला सुट्टी सांगितली, फोन गप्प करून ठेवला. बटण दाबलं नाही. न दाबून काय होणार आहे!

१३ मार्च, गुरुवार
कालचं लिहायचं राहिलं.

पांघरूण डोक्यावरून घेऊन पडलो होतो, तर दार वाजायला लागलं. शिंपी. गळ्यात टेप, हातात कात्री तशीच. आम्ही दोघंही एकमेकांना मास्तर म्हणतो. त्याने मला नीट न्याहाळलं, मग म्हणाला, "मास्तर, तुमच्या त्या मुंगीचा फोन आला होता. म्हणाली, सर उठले नाहीत, वर जाऊन बघा."

त्याने पेज आणून दिली, गोळी दिली, तासभर बसला. वहिनी असत्या तर ओरडल्या असत्या म्हणाला. खरंय.

आज ताप उतरला तसा वर्गातल्या संगणकावरचा तिचा कोड उघडला. हिला कळलं कसं? सापडलं. रकाना रिकामा असेल तर— आणि पुढे धडधडीत एक नंबर. तिचा स्वतःचा. पडद्यावर नुसतं 'छान' आणि निरोप मात्र तिला. तीन आठवड्यांहून जास्त मी कोरं बटण दाबत होतो आणि तिकडे ती रोज नऊ वाजायची वाट बघत होती. कानांची एवढी बढाई मारतो मी, हे मला ऐकूच आलं नाही.

पण कोडात असा थेट नंबर कोंबायचा नसतो! तुकडीमागून तुकडी घसा कोरडा करतोय मी. हे असंच बाजारात गेलं तर गावोगावचे एकटे जीव झोपून राहिले की रोज हिलाच निरोप. पोरगी वेडी होईल, नोकरीही जाईल. लगेच फोन लावला. आधी तापाची चौकशी केली तिने, मग मी झापलं.

"माहीत आहे सर, चूक आहे. सक्तीचा करू का विचारलं, तर तुम्ही नको म्हणालात."

मी घाईने विचारलं, ती ओळ कधी काढतेस?

"बाजारात जायच्या आधी ती ओळ काढते. पण आधी तुम्ही रकाना भरा, सर. तोवर नाही काढणार."

बघतो म्हटलं आणि ठेवला.

१४ मार्च, शुक्रवार
भरला. तिला कळवलं, ओळ काढ. मग बटण दाबलं.

'छान! आता मुंगी निश्चिंत.'