खोट्या आजाराला खरी गोळी

४ जानेवारी, रविवार

फवारणीचं औषध आज केरूच्या पडवीत ठेवून आले. केरू म्हणजे शेजारी. वयाने माझ्याएवढा, बाकी सगळ्यात कमी. “तुझ्या कलमांचं औषध माझ्याकडे कशाला?” मी म्हटलं, उंदीर झालेत. तर म्हणतो, “उंदीर बाटलीचं बूच काढतात?” नको तेव्हाच याचं डोकं चालतं.

काल तिन्हीसांजेला संस्कृती त्या औषधाच्या फळीसमोर उभी होती. करत काही नव्हती. नुसती बघत होती. मी हाक मारली तर वळली आणि आत जाऊन पडली. आता ती बाटली घरात नको.

संस्कृती म्हणजे दीपकची मुलगी, माझी नात. आईबाप मुंबईला, ही माझ्याकडे राहून देवरूखला कॉलेजात. दिवाळीनंतर मैत्रिणींबरोबर गणपतीपुळ्याला गेली. तिथे त्यांच्यातली आरोही समुद्रात गेली ती परत आलीच नाही. आमच्या घरी यायची ती पोर. माझ्या हातची कुळथाची पिठी मागून मागून खायची. तेव्हापासून संस्कृतीचं तोंड फक्त जेवायला उघडतं, तेही अर्धं. कॉलेज बंद.

दीपक फोनवर म्हणतो, तिला वेळ दे. वेळ काय माझ्याकडे पोत्याने भरून ठेवलाय?

५ जानेवारी, सोमवार

आशा वर्कर जनी आली होती. म्हणाली, आपल्या आरोग्य केंद्रात दर गुरुवारी दमयंतीबाई म्हणून येतात. अशा मुलामुलींशी बोलतात.

मी विचारलं, ही बोलत नाही त्याचं काय?

“मग नुसतं बसायचं. नाय बोललं तरी चालतं, आजी. त्या ऐकतात.”

“ऐकायचा पगार मिळतो?”

“मिळतो.”

म्हणजे मी केरूचं इतकी वर्षं फुकटच ऐकतेय!

संस्कृतीला विचारलं. नाही म्हणून मान हलवली. तीच मान एवढ्या जोरात कामाला हलवली असती तर!

७ जानेवारी, बुधवार

ठरलं. उद्या मला चक्कर येणार. जनीला सांगून ठेवलंय, दमयंतीबाईंच्या कानावर घाल म्हणून. पोरगी स्वतःसाठी जाणार नाही. माझ्यासाठी स्कूटी काढावीच लागेल. आमच्याकडे माणूस आहे कोण दुसरं?

दुपारी ती झोपलेली बघून एकदा पडून बघितलं. कंबर लचकली. उद्या गादीच्या बाजूला पडायचं.

८ जानेवारी, गुरुवार

पडले. चांगली पडले.

संस्कृती धावत आली, मला उचलून बसवलं, स्कूटी काढली. दोन महिन्यांत पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर! मी मागे बसून कण्हत होते. मधेच वळणावर तिने जोरात घेतली तेव्हा तिला चार शिव्या गेल्या. मग आठवलं, आपण आजारी आहोत. परत कण्हले.

डॉक्टर नवीन आहे. लातूरकडचा, मिशी अजून धड फुटलेली नाही. म्हणाला, जीभ दाखवा. सगळ्या गावाने माझी जीभ ऐकलीय, बघायला मागणारा हा पहिलाच. मग दंडाला पट्टा बांधला, फुगवला, परत फुगवला. तोंड बारीक करून म्हणाला, “आजी, बीपी खूप जास्त आहे. चक्कर येणारच.”

मी मनात स्वतःलाच म्हटलं, वा गो येसूबाई. मशीनसुद्धा फसलं.

गोळ्या दिल्यान. रोज एक, चुकवायची नाही. आणून डब्यात ठेवल्या. खोट्या आजाराला खरी गोळी कशाला खायची? सरकारचं औषध नासायचं नाही म्हणून टाकून दिल्या नाहीत एवढंच.

संस्कृती बाहेर बाकावर बसून होती. दमयंतीबाई येऊन शेजारी बसल्या. चाळिशीतली बाई, चष्मा, पायात स्लिपर. मला वाटलं आता बोलेल. ती बाई उकडलेल्या शेंगा खात बसली! अर्ध्या शेंगा संस्कृतीच्या पुढे केल्या. पोरीने दोन घेतल्या.

येताना विचारलं, काय म्हणाल्या बाई? खांदे उडवले. पण दोन शेंगा खाल्ल्या.

१५ जानेवारी, गुरुवार

आज छातीत धडधड. डॉक्टरने छातीला वायरी लावल्या. म्हणाला, “गोळ्या घेताय ना?” घेते म्हटलं. “मग बीपी उतरत का नाही?” त्याला काय सांगू, माझं काहीच उतरत नाही.

दमयंतीबाईंकडे आतल्या खोलीत आणखी पोरं असतात. गोल खुर्च्या मांडून बसवतात. गौरव आहे, रिक्षावाल्याचा मुलगा, दारूने कामावरून काढलेला. नसीमा आहे, तिचं लग्न मोडलं. आणि चार-पाच आहेत. आज संस्कृतीही आत जाऊन बसली. दमयंतीबाई म्हणाल्या, कुणाला काही सांगावंसं वाटलं तर सांगा.

कुणालाच वाटलं नाही. आम्ही म्हातारी माणसं बाहेर खिडकीखाली बाकावर, आत माशी उडाली तरी ऐकू येत होतं. माशीच काय ती बोलली.

१७ जानेवारी, शनिवार

केरू विचारत होता, उंदीर गेले का. म्हटलं, अजून आहेत. राहू दे तुझ्याकडे.

२२ जानेवारी, गुरुवार

आज गुडघा.

आज जे झालं ते लिहायलाच हवं. आत पोरं परत तशीच, माना खाली. दमयंतीबाई गप्प. बाहेर बाकावर मी, केरू साखर तपासायला आलेला, आणखी चार म्हातारे. करीम, केंद्राच्या गाडीचा ड्रायव्हर, दारात उभा राहून चहा पीत होता.

मला ती शांतता सोसेना. केरूला म्हटलं, गाऱ्हाणं घाल. देवळात शिमग्याला गावातर्फे देवापुढे गाऱ्हाणं तोच घालतो. म्हणाला, “इथं देव खयचा? नारळ खयचा?” नारळाशिवाय याची जीभ हलत नाही. आणि बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं नसतं. नसतं तर नसतं. मी उभी राहिले, खिडकीचा गज धरला आणि मोठ्याने म्हटलं,

“बा देवा म्हाराजा! ही पोरं इथं येऊन बसलीत. त्यांच्या तोंडाला जा काय कुलूप लागला असंल ता काढ रे म्हाराजा!”

आणि बाकावरचे सगळे एका दमात, “व्हय म्हाराजा!”

देवळातली सवयच ती. केरूही म्हणाला. करीमही म्हणाला, चहा सांडला त्याचा. डॉक्टर गळ्यातली नळी धरून धावत बाहेर, कोण गेलं म्हणून!

आतून कुणीतरी फिसकन हसलं. गौरव. आणि हसता हसताच म्हणाला, “बा देवा म्हाराजा, चार दिवस झाले मी प्यायलो नाय. बापाला खरा वाटत नाय. पाचव्या दिवशी माझा काय होईल ता मलाच ठाऊक नाय रे म्हाराजा.”

बाकावरून, “व्हय म्हाराजा!”

मग नसीमा. तिचं सासरच्यांबद्दलचं गाऱ्हाणं मी इथे लिहीत नाही, पण झक्क होतं. केरूने तर दोनदा व्हय म्हाराजा म्हटलं.

दमयंतीबाई मधे एक शब्द बोलल्या नाहीत. संपल्यावर बाहेर आल्या आणि करीमला म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी हा बाक आत घ्यायचा. या बाईला पगार कशाचा मिळतो ते मला आज कळलं.

संस्कृतीने गाऱ्हाणं घातलं नाही. पण नसीमाच्या वेळी तिचे ओठ हलले. व्हय म्हाराजा म्हणाली. मी बघितलं. गुडघा दुखतो म्हणून आले होते ते विसरून तरातरा चालत स्कूटीपाशी गेले. ती बघत होती. मग लंगडले.

२३ जानेवारी, शुक्रवार

सकाळी म्हणाली, “आजी, चहात साखर कमी हाय.” पोरगी बोलली, आणि बोलली काय तर खोट काढली! माझीच नात.

२९ जानेवारी, गुरुवार

आज पाठ. बाक आत घेतला. आम्ही म्हातारी भिंतीला लागून ओळीने. गौरवचा पाचवा दिवस वाईट गेला. सांगितलं त्याने. दमयंतीबाई म्हणाल्या, परत पहिल्यापासून मोजू. कुणी त्याला बोल लावला नाही. केरू लावणार होता, मी कोपर मारलं.

मग संस्कृती बोलली. गाऱ्हाणं नाही, बा देवा नाही, काही नाही. खाली बघून सरळ.

“मी फोटो काढत होते. ती पाण्यातून हात हलवत होती. मला वाटलं फोटोसाठी हलवते.”

कुणी व्हय म्हाराजा म्हणेना. मग केरू म्हणाला, अगदी हळू. मग बाकीचे. नसीमाने तिचा हात धरला. दमयंतीबाईंनी तिला नंतर वेगळं घेतलं, दार लावून. खूप वेळ. दर सोमवारीही ये, तुझ्यासाठी मी येईन म्हणाल्या. आणि रत्नागिरीचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात त्यांनाही दाखवू म्हणाल्या. ती हो म्हणाली. तोंडाने म्हणाली.

तोपर्यंत मी डॉक्टरकडे. कुठे दुखतं विचारलं तर मला आठवेनाच की आज काय दुखायचं ठरलं होतं.

रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या तिने. तिसरी मागितली असती तर माझ्या वाटची द्यावी लागली असती. नाही मागितली ते बरं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सोमवारपासून कॉलेजात जाणार म्हणते. मी म्हटलं, मीही बरी झाले. आता आजारपण बंद.

ती भांडी घासत होती. मागे न बघता म्हणाली, “तू कधी आजारी नव्हतीस, आजी.”

“कोण म्हणतं?”

“पडायच्या आधी तू चुलीवरचं दूध उतरवलं होतंस.”

मेली! सगळं बघत होती.

मग नेलंस कशाला म्हटलं. तर म्हणाली, तू मागे बसून शिव्या देत होतीस ना, तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही येत नव्हतं. तिन्हीसांजेचं, फळीसमोरचंही सांगितलं. मी विचारलं नव्हतं. “बाटली तिथे नव्हती दुसऱ्या दिवशी,” म्हणाली, “तेव्हा समजलं तुझं लक्ष हाय.” मी म्हटलं, उंदरांसाठी हलवली. ती म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

मग विचारलं, “पण डॉक्टरच्या गोळ्या घेतेस ना?”

घेते म्हटलं. डबा तिच्या डोक्यावरच्या फळीवर होता.

१४ फेब्रुवारी, शनिवार

रत्नागिरीला इस्पितळात खाटेवर पडून लिहितेय. उजवा हात चालतो, डावा रुसलाय.

मंगळवारी सकाळी दूध उतू गेलं. मी चुलीपुढेच होते, बघत होते उतू जाताना, पण हात जाईना. संस्कृती कॉलेजची पिशवी घेऊन दारात होती. दुधाचा वास आला तशी पिशवी टाकून आली. दूध चुलीवर आणि मी खाली. खरं की खोटं, विचारलंच नाही तिने. केंद्रात फोन केला. करीमने गाडी आणली ती कशी आणली त्याचं त्याला ठाऊक. लातूरचा डॉक्टर स्वतः बसला बरोबर.

मला सगळं ऐकू येत होतं. बोलता येत नव्हतं एवढंच. पोरगी माझा हात धरून बसली होती आणि मधेच मोठ्याने सुरू झाली. नारळ नाही, देऊळ नाही, गाडीचा भोंगा वाजतोय.

“बा देवा म्हाराजा! एक माझ्या डोळ्यांसमोर नेलीस. ही ठेव. तोंडाने वाईट हाय, खोटारडी हाय, गोळ्या डब्यात भरून ठेवते. पण ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” करीम पुढून म्हणाला. डॉक्टरही म्हणाला, त्याला कुणी शिकवलं काय माहीत.

मीही म्हटलं. बाहेर आलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

घरी आले. जीभ सुटायला महिना-दोन महिने लागतील म्हणतात. गावाला तेवढा आराम.

फवारणीचं औषध संस्कृतीने केरूकडून आणलं आणि फवारणी करून बाटली फेकून दिली. गोळी रोज तीच देते. मग म्हणते, जीभ दाखव. गिळली की नाही ते बघायला. दाखवते.

उद्या गुरुवार. मला दमयंतीबाईंकडे नेणार आहे. मी मान हलवली, नाही म्हणून. म्हणाली, “नाय बोललीस तरी चालतं, आजी. नुसतं बसायचं.”