मोराची चादर समुद्रावर

विरेशच्या आजोबांना,

आपला नातू लगीन करून बायकोला अंदमानला घेऊन गेलाय. विमानानं! शिवलीला सगळ्यांदेखत "ए विरेश" म्हणती, मला लई गंमत वाटती. तुमच्या फोटोला हार लागला तरी मी अजून तुमचं नाव घेत न्हाय.

तुमी लूमवर शेवटी विणलेली मोराची चादर मी त्यांच्या बॅगेत घातली. विरेश म्हणला, "आजी, तितं उकडतंय की!" म्हणलं, वाळूत बसायला ने. तुमचं समुद्र बघायचं राहून गेलं होतं ना.

काल नातसुनेचा फोन आला. "आजी, चादरीचा एकच कोपरा सारखा दुमडतोय. वारा न्हाय, काय न्हाय. सरळ केला की परत दुमडतोय." मला हसू आलं, मी तुमच्या फोटोकडं बघितलं. कोपऱ्यातल्या मोरावर पाय पडू नये म्हणून तो दुमडून बसायची खोड तुमचीच.

अहो, नव्या जोडप्याजवळ जाऊन बसताना लाज न्हाय वाटली? समुद्र बघा पोटभर, पण घरी या. शिवलीलाला सांगितलंय, येताना चादर झटकू नगं, वाळूसकट घडी घाल.

वाट बघतीया,
तुमची काशम्मा