हिवराला न बांधलेला वाळा

सौसर, ९ नोव्हेंबर १९५६

आज दुपारी येथे पोचलो. बसमधून उतरलो तेव्हा अंगावर धूळ इतकी की हमालाने मला पिठाच्या गिरणीतला माणूस समजले. कापसाच्या जिनिंगच्या फाटकालगत मला एक खोली मिळाली आहे. भिंती नव्याने सारवलेल्या, एक खिडकी, बाहेर विहीर. मागे संत्र्याचा बगीचा असल्यामुळे वारा आला की खोलीत फुलासारखा वास येतो. दत्ताची तसबीर पूर्वेच्या भिंतीला लावली. देवाने म्हातारपणाची सोय चांगली केली असे मनात आले. मग वाटले, अजून पन्नाशी गाठायची आहे, म्हातारपण कशाला म्हणायचे.

माझे काम सोपे आहे. गाड्यांतून उतरलेला कापूस सरकी काढणाऱ्या रेच्यावर जाण्याआधी बाया तो निवडतात, त्यांच्यावर नजर ठेवायची. कापसात खडा किंवा लोखंडाचा तुकडा राहिला तर रेच्यात ठिणगी उडते आणि गंजीच्या गंजी पेटतात.

मुकादम नत्थूजी गमत्या माणूस आहे. मी काटोलकडचा हे कळल्यावर म्हणाला, "मंग तुमी तं मुंबई राज्यातले झाले जी! इकडे मध्यप्रदेशात यायचं तिकीट काढलं का?" आठ दिवसांपूर्वीच नवी हद्द आखली गेली, माझे गाव तिकडे गेले, माझी भाकरी इकडे राहिली. हात धुताना त्याला माझ्या डाव्या मनगटावरचे गोंदण दिसले. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत मी तेथे 'देवका' असे गोंदवून घेतले होते. बायकोचे नाव पुरुषाच्या हातावर पाहून तो पोट धरून हसला. "लोकं भांड्यावर नाव घालतेत, तुमी हातावर घातलं! बरं हाय. हरवले तं कोणीबी घरी आणून देईन."

मीही हसलो. देवका आता नाही, हे त्याला सांगितले नाही.

१२ नोव्हेंबर

कापसात काय काय सापडते! आज एक बांगडी, एक पितळेची चावी आणि कोणाची तरी तंबाखूची डबी निघाली. वेचणाऱ्या बायांच्या अंगावरून, गाडीवानांच्या कनवटीतून पडलेले हे सगळे कापसाबरोबर येथवर येते.

यावर येथे एक विचित्र रीत आहे. फाटकाबाहेर हिवराचे जुने झाड आहे. सापडलेली वस्तू चिमूटभर कापसात गुंडाळून त्याच्या काट्याला बांधायची आणि मागे न पाहता यायचे. हे कोणाचे, असे विचारायचे नाही. कोणाच्या हातात द्यायची तर मुळीच नाही. सकाळपर्यंत वस्तू गेलेली असते.

निवडणाऱ्या बायांत कलाबाई सर्वांत वडील आहेत. मी त्यांना म्हटले, की अशाने ज्याचे नाही तोही नेईल. त्या हातातला कापूस न सोडता म्हणाल्या, "नेऊ दे न मंग. तुह्या बापाचं जाऊन राहिलं का?" सगळ्या बाया खिदळल्या. थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, की शंभर वावरांचा कापूस एका गंजीत येतो; कोणतं जित्याचं अन् कोणतं मेल्याचं, काय ठाऊक बाप्पा.

मला हे पटले नाही. वस्तू सकाळी नाहीशी होते, आणि रात्री बाहेर पडायची, फाटकाची किल्ली नत्थूजीच्या कमरेला असते. यापेक्षा जास्त काय सांगायचे? त्याच्या बोटात दोन अंगठ्या आहेत.

१५ नोव्हेंबर

आज बोरगावच्या पुंडलिकरावांच्या गाड्या आल्या. त्यांच्या कापसातून लहान मुलाच्या पायातला चांदीचा वाळा निघाला. बारीक घुंगरांचा, आणि एक घुंगरू चेपलेले. कलाबाईंनी तो पाहिला आणि पदर तोंडाला लावला. नत्थूजीने लगेच हात पुढे केला, "आणा, बांधून येतो."

मी दिला नाही. त्याची घाई मला आवडली नाही. संध्याकाळी पूजेला बसलो तेव्हा वाळा समोर ठेवला आणि विचार केला. परक्याची वस्तू झाडाला टांगून मोकळे होणे हे देणे नव्हे, टाकणे आहे. ती कोणाची हे माहीत असताना तिथवर चालून न जाणे हा आळस, आणि आळसाला रीत म्हटले की पाप लागत नाही असे थोडेच आहे?

नत्थूजी मघापासून दोनदा खिडकीवरून गेला.

१७ नोव्हेंबर

सुट्टी काढून बोरगावला जाऊन आलो. कोणीही उठून माझाच म्हणेल, म्हणून वाळा मुठीत झाकून ठेवला. पुंडलिकरावांच्या अंगणात त्यांच्या सुनेला, सरलाला विचारले, की बाई, तुमचे काही हरवले आहे का, खूण सांगा. ती म्हणाली, चांदीचा वाळा, एक घुंगरू चेपलेलं. पोरीनं दातानं चेपलं होतं. मी मूठ उघडली. "हा तुमचाच का?"

"हो," ती म्हणाली.

मग पुंडलिकराव मला बाजूला घेऊन रागाने बोलले. गेल्या हंगामात वेचणीच्या वेळी सरलाने पोरीला वावराच्या धुऱ्यावर, कापसाच्या पळाटीच्या सावलीत निजवले होते. पाठ फिरवून परत पाहते तो पोर नाही. सगळे वावर विंचरले. काही सापडले नाही. "झाडाले बांधाचं होतं. तिच्या हातात काहून देलं?" मला वाटले, म्हाताऱ्याला सुनेचे रडणे पुन्हा नको आहे. पण सरला रडत नव्हती. ती हसत होती.

निघताना ती गोठ्यापर्यंत आली. माझ्या मनगटाकडे बोट दाखवून हे काय लिहिले आहे म्हणून विचारले. मी नाव सांगितले. त्या कुठे असतात, तिने विचारले. मी म्हणालो, हरवली.

वारली असे का म्हणालो नाही, देव जाणे. पण तेही खोटे नाही. पोळ्याला देवका माहेरी सावरगावला गेली होती. गोटमारीची जत्रा झाल्यावर परत येताना जाम नदीच्या पुरात बैलांची दमणी वाहून गेली. बैल सापडले, ती सापडली नाही. पळसाच्या पानांची बाहुली करून मी तिची क्रिया केली. बाहुली जळली. देवका कुठे जळली?

सरला म्हणाली, "बाबाजी, तुमचे उपकार हायेत. तुमचंबी आणून देईन."

साधी, भोळी पोर आहे. वाटेत मन हलके वाटले.

२१ नोव्हेंबर

सकाळी दार उघडले तर उंबरठ्यावर एक फणी पडलेली. लाकडी, ओली, दातांत नदीची वाळू. मधला मोडका दात तांब्याच्या तारेने बांधलेला.

तशी तार मी एका फणीला बांधली होती. देवकाच्या.

तांब्याची तार कोणीही बांधतो. पण ही खोडी कोणाची आहे हे शोधलेच पाहिजे. वाळा दिला नाही म्हणून नत्थूजी चिडलेला आहे. देवकाबद्दल येथे कोणाला बोललो? त्याला तर नाहीच. कलाबाईंना एकदा बोललो होतो, की ती पुरात गेली. फणीचे बोललो नव्हतो. की बोललो होतो?

२२ नोव्हेंबर

नत्थूजीला सगळ्यांसमोर विचारले. तो प्रथम हसला, मग फणी पाहून त्याचे हसणे गेले. मी झाडावरच्या वस्तूंचा विषयही काढला. त्याच्या अंगठ्यांकडे पाहून बोललो. त्याने दोन्ही अंगठ्या काढून माझ्या समोर आपटल्या. एक सासऱ्याची, एक बापाची. म्हणाला, "मी चोर असतो तं बरं झालं असतं, बाबाजी. मंग भ्याचं काम नव्हतं." वस्तू कोण नेते हे त्यालाही ठाऊक नाही. पाहायला कोणी थांबत नाही.

तो खरे बोलत असावा. किंवा फार चांगले खोटे.

कलाबाईंच्या सांगण्यावरून फणी कापसात गुंडाळून हिवराला बांधली. मागे पाहिले नाही.

२३ नोव्हेंबर

फणी उंबरठ्यावर. कापसासकट.

२४ नोव्हेंबर

बोरगावच्या गाड्या आल्या, पण पुंडलिकराव आले नाहीत. गाडीवान रामाजीने सांगितले ते जसेच्या तसे लिहितो, म्हणजे मलाच नीट कळेल.

मी जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, सरला चुलीपुढून उठली. म्हणाली, ऐका, पोर आली. घरच्यांना काही ऐकू आले नाही. मग सासूला घुंगरू वाजलेले ऐकू आले. सरला रेशमी पाटाव नेसली, दार उघडून हसत बाहेर गेली आणि समोरच्या पळाटीत शिरली. पळाटी कमरेइतकी उंच. माणूस दिसायला हवा. दिसला नाही. अजून सापडली नाही. उंबरठ्यावर एक वाळा होता, चेपलेल्या घुंगराचा. सकाळी पाहिले तर तोही नव्हता.

कलाबाईंनी सगळे ऐकले. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "पोर परत नाही आली. मायले न्याले आली."

वस्तू ज्याची त्याला देणे, यात माझे काय चुकले? मी रात्रभर नाम घेतले.

२६ नोव्हेंबर

आज करंडा. कुंकू भिजून काळे पडलेले, तळाशी शिंपल्याचे तुकडे. झाकण उघडण्याआधीच मला ठाऊक होते, की आतला आरसा आडवा तडकलेला असेल.

तडकलेला आहे.

उंबरठ्यापुढच्या धुळीत पावले आहेत. बाईची, आणि तिच्या शेजारी लहान मुलाची. येताना कोरडी. जाताना कोरडी. आता सोंग म्हणावे, तर एवढे लहान मूल कोणी कुठून आणले?

मी नत्थूजीची माफी मागितली. तो म्हणाला, गावाले चालले जा जी. तिथली हद्द दुसरी हाय.

२७ नोव्हेंबर

गेलो नाही. बसपाशी गेलो होतो. बसच्या पायरीवर करंडा ठेवलेला होता. वाहकाने तो उचलून मला विचारले, "हा तुमचाच का?"

हो म्हणालो. का म्हणालो.

२९ नोव्हेंबर

तांब्या.

लग्नातला. त्यावर माझे नाव कोरलेले — मोरेश्वर — कासाराने र वाकडा कोरला होता. पुराच्या दिवशी दमणीत होता. नाव असलेली वस्तू परत करणे सोपे असते, असे माझे वडील म्हणत. नाव वाचायचे आणि त्या घरी —

हे सगळे माझे नव्हे. हे तिचे. तिच्याजवळचे. मग माझ्या दारी कशाला आणतात? मी बोरगावात कसे केले होते? आधी काय हरवले ते विचारले. खूण मागितली. दार बरोबर आहे याची खात्री केली. मग —

खात्री करून घेत आहे ती. सरला.

१ डिसेंबर

संध्याकाळी घुंगरू वाजले. विहिरीपाशी. दोन्ही वाळ्यांचे आता, चेपलेल्याचा आवाज वेगळा येतो.

कलाबाई आल्या होत्या. दाराबाहेरूनच म्हणाल्या, तुह्याजवळ तिचं काय हाय? जे असंन ते हिवराले बांधून दे, सोडतीन. मी घरभर शोधले. तिची साडी नाही, मणी नाही, क्रियेच्या वेळी सगळे दिले. तिचे माझ्याजवळ काहीच नाही, असे मी म्हणालो. त्या माझ्या हाताकडे पाहत राहिल्या. मग निघून गेल्या. घाईने.

नत्थूजीचे ते हसणे आठवले. भांड्यावर नाव घालतेत.

इतकी वर्षे मी समजत होतो, हरवली ती. नदीच्या बाजूने पाहिले तर —

हरवलो मी.

२ डिसेंबर, अमावास्या

जिनिंग बंद. आवारात कोणी नाही. विटेने मनगट घासले. कातडे गेले, रक्त आले. अक्षरे खाली तशीच. अधिक काळी.

देवका वाईट नव्हती. कधी उंच आवाजात बोलली नाही. तिला भेटावे असे किती वेळा देवाजवळ — पण असे नाही. दत्ता, असे नाही.

दिवेलागण. कंदील लावला.

घुंगरू. फाटक. हिवर. आता विहीर.

ओल्या वाळूचा वास.

दारापाशी दोघी आहेत. तिघी. कडी लावली आहे. अडसर —

सरला बोलत आहे. माझ्याशी नाही. तिच्या शेजारी उभी आहे तिच्याशी. तसेच, मी विचारले होते तसेच. बाई, तुमचे काही हरवले आहे का. खूण सांगा.

देवकाचा आवाज. थकलेला. हळू.

मनगटावर माझं नाव हाय, म्हणाली.

कोणतं मनगट, सरला विचारत आहे.

डावा हात धोतरात गुंडाळला आहे. इतक्या वर्षांनी तिला आठवणार नाही. कसे आठवेल. नाही आठवणार. ती विचार करत आहे — आठवू नकोस — देवका, आठवू नको — ती म्हणाली, डा