आतून काळी किटली

२ ऑक्टो., गुरु.
गुरुवार म्हणजे टॉम. डोंगराच्या कुशीतला एकटा आयरिश शेतकरी, वय ८२. बायको मार्गरेट जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून चर्चला येत नाही. 'देवाशी अबोला आहे, तुमच्याशी नाही.' पहिले तीन महिने फाटकावर बोलला, मग अंगणात. मार्चपासून स्वयंपाकघरात. सोळा महिन्यांत आम्हा मिशनरी जोडप्याची प्रगती एवढीच: फाटक ते टेबल, पन्नास पावलं.
पूर्वी इकडचे पाद्री नगरला यायचे, आता उलटटपाली आम्ही. तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलेला ख्रिस्ती मास्तर आणि त्याची बायको शालिनी. अतिथी म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही तो. टॉमचे अतिथी दर गुरुवारी तीनला.
चहा डांबरासारखा. शा. 'ग्रँड' म्हणते आणि घरी येऊन आल्याचा करते. डिसेंबरअखेर आमची मुदत संपते. नाताळाच्या करंज्या नगरला करायच्या, हे तिनं बहिणीला फोनवर सांगूनही टाकलंय.

५ ऑक्टो., रवि.
उपासनेला आम्ही धरून सात. टॉमच्या पुतणीचा कॉर्कहून फोन. मागच्या हिवाळ्यात तो गोठ्यात पडला, दुसऱ्या दिवशी सापडला. तिचं म्हणणं सरळ: घरात शिरून त्याला बघणारं कोणी असेल तरच या हिवाळ्यात तो घरी राहील. नाहीतर नर्सिंग होम. 'तुम्हाला तो आत घेतो. मला नाही घेत.'
शा. दिवसभर ताठ मानेनं वावरली.

९ ऑक्टो., गुरु.
टॉम म्हणाला, गाय बघून येतो, बसा. बसेल ती शालिनी कसली? कप काढायला प्रेस उघडला (कपाटाला प्रेस म्हणायची सवय आता आम्हालाही). किटलीचं झाकण उचललं.
"अहो, बघा आत! नुसतं काजळ. एकटा पुरुष, कोण घासणार?"
मी 'राहू दे' म्हणालो, असं मला आठवतं. शा.च्या मते मी पेपर वाचत होतो.
सोडा, मीठ, तारेची घासणी, वीस मिनिटं. नगरच्या बायकांना भांड्यात तोंड दिसल्याशिवाय चैन पडत नाही. शेवटी त्या किटलीत तिघांचीही तोंडं दिसली असती.
टॉम आला. झाकण उघडून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. झाकण लावलं.
"पाऊस यायच्या आत निघा तुम्ही."
आकाश स्वच्छ होतं.

१० ऑक्टो.
शा.: "खूश झाला असेल ना? ही माणसं बोलून दाखवत नाहीत."
मी: "हं."

१६ ऑक्टो., गुरु.
दार बंद. धुराड्यातून धूर. तीनदा ठोठावलं. आत कुत्रं भुंकलं, त्याला कोणीतरी गप्प केलं. शंकरपाळ्यांचा डबा खिडकीत ठेवून परत.

१८ ऑक्टो.
पोस्टातली ब्रीडा पत्रं टाकायला आली. आमच्या चर्चची नाही, कॅथलिक. पण गावातलं सगळं दोन्हीकडचं तिला ठाऊक. शा.नं तिला किटलीचं सांगितलं.
"आतून? आतून घासलीस?" बाईनं चक्क छातीवर क्रूस केला. "अगं, किटलीला आतून साबणसुद्धा लावत नाहीत. पाण्यानं हिसळायची, बस. तो रंग चढला की मगच चहा चहासारखा लागतो. आणि ती तर मार्गरेटची. लग्नातली. शेहेचाळीस वर्षं तिनंच ओतला त्यातून."
शा. जिन्याच्या पायरीवर बसली.
"त्यानं सांगायचं ना मला," म्हणाली. मग, "कसं सांगेल?"
किटली निर्गुण-निराकार झाली, असा एक विनोद माझ्याकडे आठवडाभर तयार होता. गिळला. त्या दिवशी मीही पेपरच वाचत होतो.

१९ ऑक्टो., रवि.
पुतणीचा फोन. "आत जाता ना तुम्ही?" मी 'हो' म्हणायच्या बेतात. शा.नं फोन घेतला. "दहा दिवस झाले, नाही गेलो. चूक माझी आहे, त्याची नाही."
पुतणी म्हणाली, "नोव्हेंबर संपेपर्यंत थांबते. मग खोलीसाठी नाव घालते."
रात्रीची भांडी शा.नं मला घासू दिली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

२३ ऑक्टो., गुरु.
दार बंदच. शा. त्याला तोंड लावून बोलली, मोडक्या इंग्रजीत, मोठ्यानं. "टॉम, मी वाईट केलं. मला माहीत नव्हतं. आमच्याकडे ज्याच्यावर माया असते, त्याची भांडी घासतो. मी मार्गरेटला पुसलं. पुसायचं नव्हतं."
सोळा महिन्यांतलं आमचं पहिलं खरं प्रवचन. श्रोते: एक दार, एक कुत्रं.
दार उघडलं नाही. पण खिडकीतला डबा रिकामा होता. आणि न धुतलेला, तूप तसंच.
"मुद्दाम," शा. म्हणाली. घरापर्यंत तो मांडीवर धरून होती.

३० ऑक्टो., गुरु.
दार उघडं. नमस्कार-चमत्कार नाही. टेबलावर किटली, तीन कप.
चहा पांचट. टॉम म्हणाला, "नव्या किटलीचा असाच लागतो. धुवणाचं पाणी."
शा. यावेळी 'ग्रँड' म्हणाली नाही. म्हणाली, "वाईट आहे."
टॉम हसला! मार्चपासून पहिल्यांदा.
"यावर उपाय एकच, बाई. वापरायची. रोज. गुरुवारी येऊन भागायचं नाही."
"रंग किती दिवसांत चढतो?"
"मार्गरेटला तीन हिवाळे लागले."
प्रायश्चित्तं मी पुष्कळ शिकवली आहेत. इतकं गरम एकही नव्हतं.

३ नोव्हें.
रोज तीनला. कधी दोघं, कधी शा. एकटी. आज टॉमनं तिला ओतायला सांगितलं. मी पेपर घडी करून ठेवला.
पुतणीला कळवलं. ती म्हणाली, "ठीक. पण डिसेंबरनंतर?"

७ नोव्हें.
मिशनचं पत्र. आमच्या जागी जोडपं मिळालेलं नाही. एक वर्ष वाढवणार का? सोबत फॉर्म, सह्या दोन. बहिणीचा फोनही आजच. करंज्यांचं सारण कोणतं करायचं म्हणून विचारत होती. शा. म्हणाली, सांगते.
मी माझी सही केली. फॉर्म टेबलावर, तिला दिसेल असा. मग पेपर उघडला. पेपर वाचत असल्याचा माझा लौकिक प्रथमच कामी आला.

८ नोव्हें., शनि.
बाहेर रिपरिप पाऊस. शा. टॉमकडून भिजून आली.
"काय म्हणते किटली?"
"तळाशी जरासं पिवळट आलंय. खरंच. टॉमलाही दिसलं." ओली शाल खुर्चीवर टाकली. फॉर्म उचलला, वाचला, साखरेच्या बरणीखाली ठेवला.
"तीन हिवाळे," म्हणाली. मला नाही, बरणीला.
मग आमची किटली घेतली, झाकण उघडून आत पाहिलं, आणि नुसत्या पाण्यानं हिसळली.