तीनशे वीस लिटरचा धोंडा

बोरगाव मेघे, वर्धा
(तारीख टपालाच्या शिक्क्यावर येईलच. अधिक महिना अजून संपलेला नाही, एवढं ध्यानात घ्यावं.)

आदरणीय व्याहीबुवा घनश्यामरावजी यांना बोरगाव मेघेच्या अच्युतचा, कंबर साथ देईल तेवढा वाकून नमस्कार. (कंबरेचं काय झालं ते पुढे येईल.)

तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंचं पित्त या उन्हात खवळलं नाही ना? अमरावतीचं ऊन कडक की वर्ध्याचं, हा आपला वाद साखरपुड्यापासून चालू आहे. यंदा तुम्ही जिंकलात असं मी लेखी देऊन टाकतो, कारण या पत्रात मला तुमच्याकडून एक काम करून घ्यायचं आहे. फोन केला असता, पण मी फोनवर बोलायला लागलो की यशोदा स्वयंपाकघरातून माझ्या वाक्यांत दुरुस्त्या करते, आणि शेवटी समोरच्याला तिचंच म्हणणं कळतं. पत्रात निदान माझी बाजू माझ्या अक्षरात राहते. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी टिपण्या लिहिण्यात गेली, त्यामुळे भाषा शुद्ध ठेवीन. मधे कुठे वऱ्हाडीवर उतरलो तर मला राग आला आहे असं समजून सांभाळून घेजा.

विषय : आपले चिरंजीव आणि आमचे जावईबापू सुश्रुतराव यांचा रुसवा. धोंड्याच्या जेवणावरून अर्ध्यात उठून ते नागपूरला गेले, ते गेलेच. मी फोन केला की ईरा उचलते आणि हळूच म्हणते, "बाबा, आत्ता नको." पोरगी दोन्हीकडून पिळून निघते आहे. इकडे यशोदानं जाहीर करून टाकलं की अधिकाची अमावास्या यायच्या आत जावई परत पाटावर बसले पाहिजेत आणि त्यांच्या हातात योग्य ते वाण पडलं पाहिजे, तोवर ती माझ्याशी बोलणार नाही. तुम्हाला वाटेल शांतता मिळाली असेल. नाही हो. ती माझ्याशी बोलत नाही, पण भिंतीशी, कूलरशी आणि भाजीवाल्याशी माझ्याबद्दल बोलते.

झालं असं, की आमंत्रणाचा फोन केला तेव्हा मी रीतीप्रमाणे विचारलं, जावईबापू, यंदा वाण काय घेऊ? (सोनं मागतील म्हणून मी आधी खुर्चीत बसून घेतलं होतं.) तर म्हणाले, "काही नको मामाजी. फारच मन असेल तर एक सप द्या." व्याहीबुवा, माझे डोळे भरून आले. नागपूरला दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा मुलगा, आणि मागतो काय, तर सूप! धान्य पाखडायचं सूप! मी यशोदाला म्हटलं, "याले म्हन्तात संस्कार. घनश्यामरावांनी पोरगं घडवलं." मग मी अर्धा जिल्हा फिरून अस्सल बांबूचं, घट्ट विणीचं, काठाला लाल-हिरवी पट्टी असलेलं सूप आणलं. त्याला हळद-कुंकू लावलं, तेहतीस अनारसे शेजारी मांडले, आणि वर नवा रुमाल झाकला. जावईबापू ऑफिसातले दोन मित्र घेऊन आले होते, खास वाण दाखवायला. त्यांनी रुमाल उचलला. खाली सूप. त्यांनी सूप उचललं. खाली पाट. मग त्यांनी सूप उलटं करून पाहिलं. एक मित्र म्हणाला, "सर, हवा भरल्यावर मोठं होतं का हे?" दुसऱ्यानं फोटो काढला. मीही उत्साहात म्हणून बसलो, की जावईबापू, दोन दाणे पाखडून दाखवा ना. त्यावर त्यांनी ऑफिसचा फोन आल्याचं सांगितलं. (फोन वाजला नव्हता.) ताटातला दुसरा धोंडा तसाच राहिला.

नंतर ईरानं उलगडा केला. सप म्हणजे 'स्टँड अप पॅडल'ची इंग्रजी आद्याक्षरं. एक लांबलचक फळी असते, ती पाण्यावर टाकायची, तिच्यावर उभं राहायचं आणि उंच दांड्याच्या वल्ह्यानं पाणी मागे सारत फिरायचं. फळीवर बसायला ऐसपैस जागा असताना उभं काऊन राहायचं, हे मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. ती म्हणाली, तोच तर खेळ आहे. आम्ही समुद्रपूरच्या एस.टी.त उभे राहून जन्म काढला, आमच्या त्या उभं राहण्याला कोणी खेळ म्हटलं नाही. पण असो. जावयाची आवड ती आपली आवड.

मग मी मोबाइलवर फळ्यांचा अभ्यास सुरू केला. तिथे एकेका फळीची अशी वर्णनं, की स्थळं पाहतो आहे असं वाटावं : ही सडपातळ आणि चपळ, ही रुंद आणि स्थिर, ही नवशिक्यांना सांभाळून घेणारी. आणि प्रत्येकीपुढे लिटर! एक दोनशे दहा लिटरची, एक दोनशे ऐंशीची, एक तीनशे वीसची. आता माझ्या खात्यात लिटर म्हणजे साठा. धरणात किती, कालव्यात किती, जिवंत साठा किती, मृत किती, हेच मी रोज आकड्यांत मांडत आलो. मला वाटलं, पाण्यावर चालायची वस्तू आहे, पोटात पाणी असल्याशिवाय बूड जड कसं होणार? बूड जड तर स्थिर, एवढं तर कोणालाही कळतं. आमचा शेजारी दुर्गेश (व्यायामशाळा चालवतो, आणि माझ्या प्रत्येक खरेदीवर उलट खरेदी करतो) म्हणाला, "काका, कमी लिटरची घ्या, स्पीड भेटते." मी तीनशे वीसची मागवली. त्यानं ईर्ष्येनं स्वतःसाठी दोनशे दहाची मागवली.

फळी आली ती बिछान्याच्या वळकटीसारखी गुंडाळून. उलगडली, तिच्या शेपटाशी एक तोंड दिसलं. सोबत पंप होता, पण तो मला सायकलचा वाटला आणि बक्षीस आला असं समजून मी बाजूला ठेवला. त्या दिवशी नळाचं पाणी यायचं होतं. आमच्याकडे या दिवसांत नळ आला की पातेली, वाट्या, तांब्ये, जे उघडं असेल ते भरून ठेवतात. मी नळाची नळी फळीच्या तोंडात घातली, आत बोटानं दाबून धरली, आणि फळी भरत गेली. काय सांगू तुम्हाला, अंगणात एक म्हैस लोळते आहे असं दृश्य झालं. हलवायला गेलो तर ती काही हलेना. दुर्गेशनं बळ लावून पाहिलं, तोच घसरला. यशोदानं भिंतीला सांगितलं, "आता याइले म्हनावं, फळी जावयाच्या दारी क्रेननं पाठवा." पण दुसऱ्या दिवशी नळ आला नाही, आणि तिनं गुपचूप फळीच्या तोंडातून बादली भरून कूलरात ओतली. मग शेजारच्या मोहिनीताई बादली घेऊन आल्या, मग त्यांच्या जाऊबाई. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतले कूलर जावईबापूंच्या वाणावर चालले. मी यशोदाकडे विजयानं पाहत होतो आणि ती माझ्याकडे पाहत नव्हती.

शेवटी ईरानं व्हिडिओ कॉल केला आणि तिला मागे अंगण दिसलं. आधी तिनं मला मोबाइल फळीजवळ न्यायला लावला. मग म्हणाली, "बाबा, हवा भरतात त्यात." लिटर म्हणजे आत किती मावतं ते खरं, पण मावायची हवा, आणि तेवढं पाणी बाजूला सारून फळी वजन पेलते. म्हणजे लिटर जास्त तर भार जास्त झेपणार. हे ऐकल्यावर मला दुसरी काळजी लागली. सुश्रुतरावांची प्रकृती लग्नानंतर भरली आहे. (रागावू नका, यात ईराच्या हातच्या स्वयंपाकाचा दोष.) उद्या जावई वाणासकट बुडाले तर मी तुम्हाला कोणत्या तोंडानं पत्र लिहिणार? तेव्हा देण्याआधी पारख करायची ठरवली.

अल्लीपूरला माझ्या मोठ्या बहिणीचं, अनुसयाबाईंचं शेततळं आहे. ओलितासाठी खणलेलं, आतून प्लास्टिक अंथरलेलं. तिथे मी आणि दुर्गेश दोन्ही फळ्या घेऊन गेलो. यशोदाही डबा घेऊन आली, पण एस.टी.त माझ्यापासून चार सीट पुढे बसली. त्या बक्षीस समजलेल्या पंपानं हवा भरली आणि मी आधी माझ्या फळीवर ढेपीची पोती ठेवली. एक ठेवलं, दोन ठेवली, तीन ठेवली; फळी हूं का चूं करेना. अनुसयाबाई बांधावरून ओरडल्या, "अच्युत, ढेप म्हशीले पाहिजे, तुह्या फळीले नाई!" दुर्गेशच्या दोनशे दहावर तो स्वतः चढला. फळी बुडाली नाही. दुर्गेश बुडाला. परत चढला, परत बुडाला. फळी चिंचोळी, याचे खांदे रुंद, जरा इकडे कलला की गेला. तेव्हा मला जो निष्कर्ष मिळाला तो टिपणीत लिहिण्याजोगा आहे : लिटर सांगतात फळी बुडणार की नाही, आणि रुंदी सांगते आपण बुडणार की नाही.

मग मी माझ्या रुंद फळीवर चढलो. कमरेला बैलाचा कासरा, त्याचं दुसरं टोक दुर्गेशच्या हातात, कारण त्या प्लास्टिकवरून माणूस आपला आपण वर येऊ शकत नाही. पोत्यांचं बरं असतं, त्यांना भीती वाटत नाही. मी उभा राहिलो, पाण्याकडे पाहिलं, पाय लटलट कापायला लागले आणि फळीही माझ्यासोबत कापायला लागली. पडलो. दुर्गेशनं असा हिसका दिला की कंबर वर आली आणि बाकीचा मी मागाहून आलो. असं कितीदा झालं ते विचारू नका. शेवटच्या वेळी फळी वाऱ्यानं पलीकडच्या काठाला गेली. दुर्गेश म्हणाला, "काका, मी काई जात नाई." तेव्हा यशोदा उठली, बांधावरून फिरून पलीकडे गेली, काठीनं फळी ओढली, पदर खोचला, गुडघ्यावर चढली, आणि उभी राहिली. वल्हं हातात घेऊन तळ्याच्या मधोमध आली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "तुम्ही काऊन सारखे पडून राह्यले? खाली पाहू नका, समोर पाहा. मी दर दिवाळीले डुगडुगत्या स्टुलावर उभी राहून जाळे काढतो, कधी पडली का?"

सांगायचं एवढंच, की फळीची पारख झाली, वस्तू खणखणीत आहे, यशोदाचा अबोलाही सुटला आहे. आता तुम्ही सुश्रुतरावांना समजावा. बापाच्या शब्दाबाहेर ते नाहीत. अमावास्येच्या आत त्यांना आमच्याकडे पाठवा, हात जोडून विनंती आहे. धोंडे पुन्हा करू, अनारसे पुन्हा तळू, आणि या वेळी रुमाल उचलतील तेव्हा खाली खरोखरच सप असेल. (रुमाल मोठा लागेल, सतरंजी पाहून ठेवली आहे.) ईराचा जीव टांगणीला आहे, तिच्यासाठी तरी मनावर घ्या.

आपला नम्र,
अच्युत

ता. क. : वरील विनंती रद्द समजण्यात यावी. पत्र पाकिटात घातलं, पण टपालात टाकायचं चार दिवस राहिलं, आणि तेवढ्यात परिस्थिती बदलली. यशोदा फळी द्यायला तयार नाही. रोज सकाळच्या एस.टी.नं वळकटी घेऊन अल्लीपूरला जाते, अनुसयाबाई कासरा धरून बांधावर बसतात. ज्या जावयाच्या रुसव्यापायी तिनं माझ्याशी अबोला धरला, त्यांचं तिनं नाव काढलेलं नाही. मी काठावरून ओरडून सांगितलं, अहो, वाण जावयाचं हाय! तिनं पाण्यावरूनच उत्तर दिलं, "मी उतरत नाई." आणि हसली. व्याहीबुवा, घरात ती हसते ती कोणी काही बोललं तर. अशी एकटीच, आपल्याच आनंदात हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. तिच्या पायाखालून ती फळी काढून घेणं माझ्याच्यानं होणार नाही. ईराला कळवलं, तर म्हणाली, आईकडेच राहू द्या, इकडचं मी हळूहळू पाहते. तेव्हा कृपा करून सुश्रुतरावांची समजूत घालू नका. अमावास्या उलटेपर्यंत त्यांचा रुसवा जपा. उतरतोय असं वाटलं तर थोडं चिडवून द्या.

ता. ता. क. : आता खरं काम. तुम्हाला घरात कळलं नसेल, पण यशोदानं विहीणबाईंना फोन केला होता. रविवारी त्या अमरावतीहून परस्पर अल्लीपूरला येत आहेत (तुम्हाला बहिणीकडे जाते म्हणून सांगतील), आणि दोघींनी मिळून एकाच फळीवर उभं राहायचं ठरलं आहे. तीनशे वीस लिटरात दोघी झेपतात का, हा हिशेब मलाच करायचा आहे. तरी विहीणबाईंचं वजन त्यांच्या नकळत, उलट टपाली कळवजा. व्याह्यानं विहिणीचं वजन विचारणं बरं दिसत नाही, हे मला समजतं. पण यशोदाचंही मी अजून विचारलेलं नाही. मले याच घरात राह्यचं हाय.