बेच्या पाढ्यावर रडणारी नायिका

४ मार्च, मंगळवार

सापडला! माझा मुका सिनेमा सापडला, पंचेचाळीस वर्षांनी. कुणाच्या तरी तबेल्यात गवताखाली पाच डबे पडले होते. सांगायला एक चष्मेवाला आला, जुन्या फिल्मा गोळा करतो. दारात उभा राहून विचारतो, "नायिकाबाई घरात आहेत का?"

म्हटलं, "समोरच आहे बाबा. जरा रुंद झालेय."

चहात साखर दोनदा पडली. प्याला बिचारा.

५ मार्च

काल आनंदात मुद्द्याचं राहिलंच. चित्र शाबूत आहे, पण मधल्या पाट्या — कोण काय बोललं ते लिहिलेलं असायचं त्या — सगळ्या कुजल्या. तर म्हणे बहिऱ्या मुलांच्या शाळेत एक बाई आहेत, स्वतः बहिऱ्या, नुसते ओठ बघून बोलणं ओळखतात. त्या पाट्या नव्याने लिहून देणार. मग भरल्या थिएटरात खेळ.

नात घरभर नाचतेय. मला घाम फुटलाय.

६ मार्च

कुणाला सांगू? इथेच लिहिते.

आमचं बोलणं ऐकू कुणाला जात होतं? मग पाठांतर कोण करणार? आणि मी शिकलेली दुसरीपर्यंत. डायरेक्टर, त्यांना आम्ही मास्तर म्हणायचो, ते ओरडायचे, "ओठ हलव पोरी, वाट्टेल ते बोल." मी वाट्टेल ते बोलायचे. बागेतल्या प्रेमाच्या प्रसंगात नायकाला म्हटलं, "कांदा खाऊन आलात, तोंड तिकडे करा." तो म्हणतो, "हसवू नकोस, मिशीचा डिंक सुटतोय." आईचा निरोप घेताना तर बेचा पाढा म्हटला. बे एके बेला आवंढा, बे दाहे वीसला हंबरडा. थिएटरात बायकांचे रुमाल भिजायचे.

आणि नातीला काय सांगितलं? "आई, तुझ्या उंबऱ्याची माती डोळ्यांत भरून चालले गं." तिला झोपवताना मीच रचलेलं. गेल्या वर्षी तिने शाळेत स्टेजवर म्हटलं. 'आजीचे खरे संवाद' म्हणून! पहिलं बक्षीस. कप कपाटावर ठेवलाय. मी खोलीत शिरले की माझ्याकडेच बघतो.

९ मार्च

जेवण जात नाही. सूनबाई म्हणते, "आई, डॉक्टरला बोलावू का?"

डॉक्टर म्हटल्यावर यांची आठवण आली. हे स्टुडिओतले सुतार. सेटवरची, कुठेच न नेणारी दारं बनवायचे. माझ्या मरणाच्या दिवशी डॉक्टरचं काम करणारा नट आलाच नाही, तर मास्तरांनी यांना कोट चढवून उभं केलं. मला रडं यावं म्हणून सेटवर फिडलवाला असायचा, इतका बेसूर की मेलेली मी फिसकन हसायचे. तीन वेळा हसले. शेवटी मास्तरांनी माझ्या कानात कापूस कोंबला. मग अशी मेले की मास्तर म्हणाले, "असं प्रेत मी आजवर पाहिलं नाही."

यांचं मात्र काय बिनसलं कोण जाणे. नाहीतर माझ्या खुर्चीचा पाय डुगडुगला तरी धावत यायचे. त्यानंतर वर्षभर माझ्याकडे बघेनात. एकटीला गाठून बोलायची सोयच नव्हती म्हणा, माझी मावशी राखणीला सावलीसारखी मागे. शेवटी मावशीला चहाला पिटाळलं आणि मीच विचारलं, "लग्न करता का माझ्याशी?" हातातला रंधा पडला यांच्या. चाळीस वर्षं त्यावरून टोमणे मारले मी. हे एवढंच म्हणायचे, "आधी मी विचारलं होतं. तू गप्प बसलीस."

"कधी?"

"तुला ठाऊक आहे."

धादांत खोटं! आणि चेहरा असा साळसूद.

११ मार्च

त्या बाई घरी आल्या. पाटीवर लिहून बोलतात. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले, 'किती वाळलीय, खात नाही वाटतं.' लगेच पाटी पुढे — "खाते. अंगाला लागत नाही."

सूनबाई पलीकडच्या खोलीत. मग मी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी सगळा गुन्हा कबूल केला. जुनी कला कामाला आली.

त्या हसल्या. लिहिलं, "पाहिलंय मी. बे सत्ते सोळा म्हणालात."

"तेवढं बदला हो, नातीसाठी."

"चुकलेला पाढा?"

"सगळंच."

मान हलवली. "दिसलं ते लिहिणार." पुसलं, परत लिहिलं. "नातीला तुम्हीच सांगा. थिएटरात कळण्याआधी."

१२ मार्च

सांगितलं. तिने कपाटावरचा कप खाली काढला आणि घेऊन निघून गेली.

१३ मार्च

सकाळी उशाशी काहीतरी गार लागलं. कप! नात पलंगाच्या टोकाला बसलेली. "म्हणजे ते तू स्वतः लिहिलंस? मग हा तुझा, आजी. मी नुसतं पाठ केलं." दारातून वळून म्हणते, "पण बे सत्ते सोळा? शी, आजी!"

दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१५ मार्च

खेळ झाला. कांद्याला थिएटर कोसळलं. पाढ्याला तर लोक माझ्याबरोबर म्हणत होते आणि सत्तेला सगळे एकदम 'सोळा'! मी उठून हात हलवला. नट्यांनी लाजायचं नसतं.

शेवटच्या डब्याचं आज लिहवत नाही. उद्या.

१६ मार्च

मी मेलेली. कोट घातलेले हे माझी नाडी धरून वाकले, ओठ हलले. जुन्या पाटीवर होतं, "ही आता या जगात नाही." काल पडद्यावर आलं —

"बाई, माझ्याशी लग्न कराल? नसेल करायचं, तर अशाच गप्प पडून राहा."

आणि मी पडून राहिलेय. पापणीसुद्धा हलत नाही.

अहो, कानात कापूस होता.